उघडी गादी

गयासुद्दीनला झोप येत नसे, आणि धंदा मात्र त्याचा लोकांना झोपवण्याचा. अंजनगाव सुर्जीत त्याला सगळे गयास पिंजारी म्हणत. दबून गोळे झालेली गादी उसवायची, आतली रुई पिंजून फुलवायची, पुन्हा खोळीत भरून टाके घालायचे, यात त्याचं आयुष्य गेलं. त्याच्या हातच्या गादीवर माणूस पडल्या पडल्या घोरायला लागतो, असं लोक म्हणायचे. तो स्वतः मात्र कूस बदलत राहायचा. काळजी करण्यात त्याचा हात धरील असा तालुक्यात दुसरा कोणी नव्हता. आभाळ आलं की रुई भिजेल याची काळजी, नाही आलं की पेरणीची काळजी. आणि शेत तर त्याच्या नावावर वीतभरही नव्हतं.

ते दिवसच तसे होते म्हणा. दोन हजार सहा साल, नापिकीचं आणि कर्जाचं. कापसाच्या मुलखात कापसाची नवी गादी कोणी करेना. पोरीच्या लग्नाला गादी लागतेच, पण लग्नंच पुढे ढकलली जात होती. एक काम मात्र वाढलं होतं, आणि ते गयासला नको वाटायचं. पूर्वी घरातलं माणूस गेलं की त्याची गादी कोणाला तरी देऊन टाकत. आता तीच गादी ओट्यावर आणून ठेवायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "गयासभाई, यातून पोरायसाठी दोन लहान करून द्या." माणूस कसा गेला हे तो विचारत नसे. सगळ्या गावाला ठाऊक असायचं. तो मान खाली घालून पिंजत बसे आणि ओट्यावरच्या बाया आपसात बोलत ते त्याच्या कानावर पडे. प्रत्येक घरी एकच गोष्ट ऐकू येई: आदल्या संध्याकाळपर्यंत कोणाला काही कळलं नव्हतं, जेवला होता, पोराशी बोलला होता. हे ऐकून ऐकून गयासच्या मनाने घेतलं की आपलं माणूस डोळ्यांसमोरून हलू देऊ नये.

आणि नेमकी तेव्हाच त्याच्या लुबनाला अमरावतीला जायची हौस आली. एकुलती एक पोर. बारावीला सायन्समध्ये बरे मार्क पडले आणि तिकडच्या एका महिला महाविद्यालयाच्या यादीत नावही लागलं. पण अंजनगावहून रोज येजा कोण करणार? होस्टेल मिळालं तरच कॉलेज, नाही तर नाही. इकडे गयासची बायको शहाजादी हिची बहीण अकोल्याला, तिचा मुलगा रय्यान मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. तिने लुबनाला मागणं घातलं होतं. पोरगा चांगला होता, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नव्हता. गयासने त्याच्यात खोट काढायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण काही सापडेना, आणि त्यामुळे त्याची काळजी आणखीच वाढली.

शेवटी शहाजादीनेच तोड काढली. "तुमी सोता जाऊन पाहून या," ती म्हणाली. "जागा चांगली वाटली तर ठेवा पोट्टीले. मनात जरा जरी खटकलं तर वापस घेऊन या, अकोल्याले हो कळवून टाकू. मंग रडाचं नाई कोनी." शेवटचं वाक्य लुबनाकडे बघून होतं. लुबनाने आपल्या कागदांची प्लास्टिकची पिशवी चारदा उघडून चारदा बंद केली.

निघायच्या दिवशी सकाळी गयासने खांद्यावर पिंजण घेतलं. पिंजण म्हणजे माणसाएवढं लांब लाकडी धनुष्य, वर दोरीसारखी ताणलेली तांत, आणि तांतीवर मारायला मुठीत मावणारा लाकडी ठोकळा. शहाजादी दारातच आडवी आली.

"या अल्ला! कालेजात पिंजन घेऊन जाता का?"

"मंग काय घरी ठेवू? अब्बाजान म्हनायचे, पिंजन घरी ठेवून परगावी गेलं की बरकत मांगं राह्यते."

"अन् पोरीची इज्जत?"

गयास पिंजण सांभाळत दारातून बाहेर पडला. खरं सांगायचं तर बरकत हे निमित्त होतं. रिकाम्या हाताने परक्या गावात उभं राहायची त्याला भीती वाटायची. खांद्यावर पिंजण असलं की आपण कोण हे विचारावं लागत नाही, आणि गयासला कोणी 'तुम्ही कोण' असं विचारलं की त्याच्या तोंडाला कोरड पडे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी त्याची धाव परतवाड्यापर्यंत.

एसटीत त्यांच्या पायाशी नागवेलीच्या पानांच्या टोपल्या होत्या आणि डोक्यावर पिंजण. कंडक्टरने दोनदा शिव्या घातल्या. लुबना खिडकीला नाक लावून बसली होती. गयास मनातल्या मनात प्रश्न घोकत होता. फाटक किती वाजता बंद होतं? पाणी कसं असतं? वर गच्ची आहे का, असली तर दाराला कुलूप असतं का? पोरगी आजारी पडली तर कोण बघतं? मन चिंती ते वैरी न चिंती. वलगाव ओलांडेस्तोवर त्याने पोरीला टायफॉइड, विंचू आणि वाईट संगत, तिन्ही लावून टाकली होती.

"अब्बा," लुबना हळूच म्हणाली, "तठी गेल्यावर तुमी आधी सांगजा की आपन ॲडमिशनसाठी आलो. बाकी मी बोलीन."

"सांगतो नं."

"पक्कं?"

"बापावर भरोसा नाई का तुले?"

होस्टेलच्या फाटकाशी ऑटोतून उतरले तेव्हा बारा वाजून गेले होते. पुढे पोर्च, पोर्चमध्ये बाकं, बाकांवर पोरींचे बाप इस्त्रीचे शर्ट घालून बसलेले. चौकीदाराने गयासकडे बघितलंच नाही. त्याने पिंजणाकडे बघितलं.

"पिंजारी का? इकडून नाई. मांगून ये, मांगच्या फाटकानं. बाईनं बोलावलं अशीन."

गयासच्या जिभेवर बोल तयार होते. सगळ्या रस्त्याने घोकलेले. पण ज्या माणसाला जन्मभर 'मागून ये' म्हटलेलं आहे, त्याचे पाय जिभेच्या आधी चालायला लागतात. "हो जी," तो म्हणाला, आणि वळला.

लुबना जागच्या जागी उभी. नवी ओढणी, हातात कागदांची पिशवी. "अब्बा!" ती दात-ओठ खात पुटपुटली. "सांगा नं त्याले!"

"आत तं जाऊ दे. एकडाव पाहून घेतो, मंग सांगतो."

मागच्या फाटकाशी पोचेपर्यंत त्याने आपल्या भित्रेपणाला हुशारीचं पांघरूण घातलं होतं. पुढच्या बाकांवर बसलेल्या बापांना काय दिसणार? पोर्च आणि नोटीस बोर्ड. पिंजाऱ्याला घराचं पोट दिसतं. यात थोडं खरंही होतं, त्यामुळे तो स्वतःवर जरा खूशच झाला.

मागे लिंबाचं झाड, पाण्याची टाकी आणि पत्र्याचं शेड. तिथं होस्टेलची जुनी बाई, मैनाबाई, भांड्यांना राख लावत बसली होती. पिंजण बघून तिचा चेहरा उजळला. "आला का बाप्पा! कवाच्या गाद्या सडून राह्यल्या." आणि कोणी काही विचारायच्या आत तिने वर तोंड करून हाक मारली. वरच्या मजल्यावरून पोरींनी गाद्या खाली फेकल्या, धप्प, धप्प, चार गाद्या आणि मागून उशांचा ढीग.

आता गयासने करायला नको ती गोष्ट केली. पिंजाऱ्याची रीत अशी की एका वेळी एकच गादी उसवावी, ती पुरी करावी, मग दुसरीला हात लावावा. उघडी गादी टाकून उठायचं नाही, दिवस मावळायच्या आत ती शिवून पुरी करायची, कारण रात्री तिच्यावर कोणीतरी निजणार असतं. बापाने त्याला पिंजणाआधी ही रीत शिकवली होती. पण गयासला धीर कुठे होता? आत काय आहे हे त्याला एकदम बघायचं होतं. कात्री घेऊन त्याने चारही गाद्या एकामागून एक उसवून टाकल्या. शेडभर मळकी रुई पसरली.

मग तो ती हाताने चाचपत बसला. एक गादी मधोमध खोल दबलेली होती. कोणी तरी पोरगी रात्रभर मांडी घालून तिच्यावर अभ्यास करते. दुसरीच्या खोळीवर कोपऱ्यात बॉलपेनने गणितं सोडवलेली होती. इथवर त्याला बरं वाटलं. मग त्याने एक उशी उसवली आणि त्याचा हात थांबला. उशीची रुई एका अंगाने गठ्ठा झाली होती. केसाच्या तेलाने तशी होते. त्याने वास घेतला. तेलाचा वास नव्हता. अशा उशा त्याने गेल्या दोन-तीन वर्षांत फार पिंजल्या होत्या, आणि त्या कोणत्या घरांतल्या हेही त्याला आठवत होतं.

त्याने ती बाजूला ठेवली. त्याने दुसरी उशी उसवली. तीही तशीच.

"बाई," त्याने मैनाबाईला शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं, "पोरी रडतात का जी इथं?"

"रडतात तं!" मैनाबाई कढई घासत म्हणाली. "नव्या पोट्ट्या लय रडतात."

गयासने पिंजण उचललं आणि तांतीवर ठोकळा मारायला सुरुवात केली, कारण हातांना काही तरी काम हवं होतं. टणण, टणण. मनात त्याने अकोल्याला हो कळवूनसुद्धा टाकलं. पोरगी चार भिंतींआड तोंड दाबून रडणार आणि अंजनगावात आपण जेवून हात धुवून बसणार, आपल्याला काही कळणार नाही. नको. संध्याकाळची गाडी धरून परत जायचं.

लुबनाने ओढणी कमरेला खोचली होती. ती दाभण घेऊन भरलेल्या पहिल्या गादीला टाके घालायला बसली. हे काम तिच्या हाताला लहानपणापासूनचं. पण टाके जरा जास्तच जोरात पडत होते. वरून एक मुलगी विसरलेली उशी घेऊन खाली आली. यवतमाळकडची होती, नाव प्रियदर्शनी. लुबनाचे टाके बघून ती वाकली.

"किती सारखे टाके आहेत गं! शाळेत जातेस का?"

लुबनाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बारावी झाली. सायन्स."

"अगं, मग इथंच ये ना! पण आज शेवटचा दिवस आहे. चारला खिडकी बंद होते, आणि दोनच जागा उरल्यात म्हणे." एवढं बोलून ती उशी टाकून पळाली. तिला बिचारीला काय माहीत, ती कोणाला काय सांगून गेली.

लुबना दाभण टोचून उठली. "अब्बा, तीन वाजले असतीन. चला."

गयास पिंजतच राहिला.

"अब्बा!"

"एवढं होऊ दे, बेटा. हे पाह्य, सगळं उघडं पडलं आहे. उघडी गादी टाकून उठता येते का?"

"चारी गाद्या एकदम कोनं उसवल्या?"

गयासने तांतीवर आणखी एक ठोका मारला. रीत खरीच होती, पण आज तो तिच्या आडोशाला बसला होता हेही खरं होतं, आणि पोरीला ते दिसत होतं. खोटं बोलणारा बाप तिने पाहिला नव्हता, घाबरलेला मात्र रोज पाहिला होता. तिने पिशवी उचलली.

"मी जातो एकली."

"लुबना, थांब. पोरी रडतात इथं. उशा पाह्य ह्या."

तिने उशीकडे बघितलं, मग बापाकडे. "मी घरी बी रडतोच नं, अब्बा," ती म्हणाली. "अकोल्याचं बोलनं निघालं तवापासून. तुमी माही उशी कवा उसवली?"

ती स्वयंपाकघराच्या दाराने आत गेली. केसांत रुई तशीच होती. गयास हातात ठोकळा धरून बसून राहिला. ज्या घरात कोणाला काही कळत नाही, ते घर आपलंही आहे, हे त्याला त्या शेडात बसल्या बसल्या कळलं. त्याला रडू आलं. मैनाबाई समोर होती म्हणून त्याने नाकात रुई गेल्याचं सोंग केलं.

मैनाबाईने ते बघितलं की नाही कोण जाणे. तिने कढई पालथी घातली आणि हात पुसले. "ती उशी कोनाची ठाऊक आहे का? गेल्या सालच्या धारनीच्या पोट्टीची. पयले सा मयने रडली, घरी जातो म्हने. आता उन्हाळ्यात घरी जाची होती तं इथून रडत गेली. मीच एसटीत बसवून देल्ली." आणि मग, मागाहून आठवल्यासारखं, "तुमची पोरगी होय नं ते?"

"हो."

"मंग पुढून काहून नाई आले?"

गयासला सांगता आलं नाही. त्याने दुसरी गादी भरायला घेतली. वेळ पुढे सरकेना. पुढे काय चाललं असेल? खिडकी बंद झाली असेल. नाही तर तिला कोणी हाकललं असेल, तिच्या केसांतली रुई बघून हसलं असेल. उठावं असं त्याला दर टाक्याला वाटत होतं. समोर दोन गाद्या उघड्या होत्या. त्याने एवढ्या भरभर टाके जन्मात घातले नव्हते.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. पुढे चष्म्याच्या रेक्टर मॅडम, हातात कागद, मागे लुबना. लुबनाच्या तोंडावरून काही कळेना. गयास धडपडत उभा राहिला.

"तुम्ही लुबनाचे वडील?"

"हो जी."

"पालक कुठे आहेत विचारलं, तर ही सगळ्या रांगेसमोर म्हणाली, माझे वडील मागे तुमच्या गाद्या पिंजताहेत, हातातली झाली की येतील." मॅडमना हसावं की रागवावं ते ठरवता येत नव्हतं. "तुम्ही आल्याबरोबर सांगायचं नाही का?"

"फाटकावर मांगून ये म्हनाले, तं आलो मांगून."

मॅडमनी एकदा फाटकाच्या दिशेने बघितलं. मग त्यांनी कागद पुढे केला. "जागा मिळाली आहे तिला. इथं पालकांची सही लागते. खरं म्हणजे पालकांना इथं आत यायची परवानगी नाही."

"पिंजाऱ्याले आहे की," मैनाबाई मागून म्हणाली.

जागा मिळाली आहे. गयासने हे वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. आता शेवटचा शब्द त्याचा होता. सही नाही केली तर संध्याकाळी दोघं परत, आणि शहाजादी अकोल्याला हो कळवून मोकळी. घोकलेल्या प्रश्नांपैकी एक आठवेना. फाटक, पाणी, गच्ची, सगळं पुसलं गेलं. एकच उरलं.

"मॅडम, रात्री पोरगी रडली तं कोन असते जवळ?"

मॅडम उत्तर जुळवत होत्या, तेवढ्यात मैनाबाई बोलली. "मी आहो नं. मी इथंच निजतो, जिन्याजवळ. मले आवाज येते."

गयासने लुबनाकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती अर्धवट शिवलेल्या गादीच्या तोंडाकडे बघत होती, टाके कुठवर आलेत ते. त्याने रुईने भरलेले हात पायजम्याला पुसले, कागद बंद झालेल्या गादीवर ठेवला आणि सही केली. सही नेहमीपेक्षा लांबलचक आली.

नंतर बापलेकीने मिळून उरलेल्या गाद्या केल्या. मजुरी गयासने घेतली. फुकट केलं असतं तर ती लाच दिल्यासारखी झाली असती, असं त्याला वाटलं. शेवटचा टाका पडला तेव्हा उन्हं लिंबाच्या शेंड्यावर गेली होती. जाताना चौकीदाराने त्यांना मागच्या वाटेवरून पुढे आलेलं बघितलं आणि तो काही बोलणार, तर गयास थांबला. "मी लुबनाचा बाप," त्याला कोणी विचारलं नव्हतं तरी त्याने सांगितलं. "दोन हप्त्यानं तिले सोडाले येतो. पुढून येईन." या वेळी वाक्य पुरं झालं.

गाडीत लुबना त्याच्या दाढीतली रुई वेचत राहिली आणि वेचता वेचता त्याच्या खांद्यावर झोपली. तो जागाच होता. आता पुढच्या तीन वर्षांची काळजी होती, आणि ती नीट वाटून घ्यायला हवी होती.

घरी शहाजादी दारातच उभी होती. फोन तिने हाताशी काढून ठेवला होता, अकोल्याला लावायला. नवऱ्याच्या खांद्यावरचं पिंजण तिने उतरवून घेतलं, पोरीचं तोंड निरखलं, आणि मग ज्याच्यापायी दिवसभर पाणीसुद्धा गोड लागलं नव्हतं ते विचारलं.

"कशी आहे जागा?"

गयास ओट्यावर टेकला.

"गाद्या चांगल्या आहेत आता," तो म्हणाला. "उशी आपन घरून देऊ."